चिपाडाचा जाळ, टर्बोची शिट्टी

यंदाचं चिपाड परवापासून वाळायला पडलंय. गुऱ्हाळाच्या मागच्या रानात पांढरट हिरवं अंथरूण घातल्यासारखं दिसतं. चरकातून नुकतंच निघालेलं चिपाड हातात घेतलं की गार लागतं, बोटांना चिकटतं आणि त्याला गोड, थोडा आंबूस वास येतो. चार उन्हं खाल्ली की तेच खडखडीत होतं आणि वाऱ्यावर उडू बघतं. तोवर चुलवणात, गुऱ्हाळाच्या त्या मोठ्या चुलीत, बाभळीची लाकडं घालावी लागतात.

लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून मला या गोष्टीचं नवल वाटत आलंय. उसाचा रस काढायचा, आणि रस काढून जे उरतं, जे फेकून द्यायचं, त्याच्याच जाळावर तो रस आटवायचा. ऊस आपला आपल्यालाच शिजवतो. फक्त हंगामाच्या सुरुवातीला त्याला ते जमत नाही. सुरुवातीचा धूर पांढरा, जड आणि डोळ्यांना झोंबणारा असतो. मग एखाद्या सकाळी धुराड्यातून धूर दिसतच नाही, नुसती हवा थरथरताना दिसते आणि चुलवण हूं हूं करायला लागतं. वाळलं चिपाड पेटलं, आता काळजी नाही, असं सगळे म्हणतात.

तो आवाज आला की मला टर्बो आठवतो. बायांना गुळाच्या वासानं माहेर आठवतं. मला गाडीचं इंजन आठवतं, हे काही कुणाला सांगण्यासारखं नाही. म्हणून आपलं लिहून ठेवते.

आमचं शेत तेलगावच्या अलीकडं. गूळ जातो धारूरच्या बाजाराला, आणि मधे घाट आहे. मालकांची, म्हणजे माझ्या यजमानांची, आधीची पिकअप त्या घाटात अशी कण्हायची की वाटायचं उतरून मागून हात लावावा. ती मोडीत काढून त्यांनी दुसरी आणली. तीही कुणीतरी वापरून दिलेलीच, पण हिच्यात टर्बो होता. पहिल्यांदा तिच्यातून घाट चढले तो दिवस अजून अंगात आहे. चढ लागला, मालकांनी पाय दाबला, थोडा वेळ काहीच झालं नाही. मग बॉनेटच्या आतून एक बारीक शिट्टी निघाली, लांबून कुणी पोरगं गवताच्या पात्यावर वाजवतंय अशी. ती चढत गेली आणि कुणीतरी मागून ढकलल्यासारखी माझी पाठ सीटला टेकली.

"कशाचा आवाज म्हणायचा हा?" मी विचारलं.

"टर्बोचा."

"टर्बो म्हणजे?"

"ताकद."

संपलं. माणूस वाईट नाही, पण शब्द जपून वापरतो.

मला प्रश्न पडतात. लहानपणापासून पडतात. शाळेत बाईंना विचारायचा धीर झाला नाही, आणि पुढं शाळाच राहिली नाही. घरात विचारावं तर आई म्हणायची, भाकर थाप, करपती. सासरी आल्यावर तर चार माणसांत बोलायचं म्हटलं की मी पाण्याचं निमित्त करून आत जायचे. प्रश्न मात्र थांबले नाहीत. ते आपले पडतच राहिले, शेंगा पडाव्यात तसे, आणि मी ते पदरात गोळा करत राहिले.

मग त्या वर्षी, उसाला कोयता लागायच्या सुमाराला, सुदाम भाऊजी पुण्याहून परत आले.

हे माझे धाकटे दीर. पुण्यात मोठ्या लोकांच्या गाड्या येतात अशा एका गॅरेजात काम करायचे. गावाकडं आपलं स्वतःचं काही करावं म्हणून आले आणि तेलगावच्या रस्त्याला एक पत्र्याचं शेड भाड्यानं घेतलं. जेवायला घरी यायचे. त्यांना काही विचारलं की घास हातात तसाच धरून सांगायचे. आणि मुख्य म्हणजे हसायचे नाहीत. विचारणाऱ्याला हसलं नाही की विचारणारा पुन्हा विचारतो, एवढी साधी गोष्ट आहे. पण ती फार थोड्या माणसांना माहीत असते.

हंगाम सुरू झाला आणि थोड्याच दिवसांत गाडीनं घाटात मान टाकली. शिट्टी बंद, ताकद बंद, मागं निळा धूर. सुदाम भाऊजींनी टर्बो काढला आणि घरी आणून अंगणात पोत्यावर ठेवला. शेजारी त्यांनी आणखी एक वस्तू ठेवली. ती त्यांनी पुण्याच्या भंगारातून उचलून आणली होती आणि इतके दिवस खाटेखाली पडून होती. मी कपडे वाळत घालायचे सोडून तिथं जाऊन बसले.

"वैनी, ह्यो बघा टर्बो. गोगलगाईवानी दिसतो का न्हाई?"

"दोन गोगलगाई पाठीला पाठ लावून बसल्यात."

"बराबर. ह्या एका गोगलगाईत इंजनाचा धूर शिरतो, सायलेन्सरकडं जायच्या आधी. त्या धुरानं आतलं चाक फिरतं. त्याच दांड्यावर पल्याडच्या गोगलगाईचं चाक हाय, मग ते बी फिरतं, अन् भायेरची हवा दाबून इंजनात घालतं. हवा जास्त गेली की डिझेल चांगलं जळतं. चांगलं जळलं की ताकद."

"म्हणजे फेकून द्यायच्या धुराचीच..."

"फेकून द्यायच्या धुराचीच ताकद."

मी उठून चुलीपाशी गेले, फुंकणी आणली आणि एका गोगलगाईच्या तोंडाला लावून जोरात फुंकलं. पलीकडचं चाक अडखळत, कुरकुरत फिरलं. बिघडलेलं होतं तरी फिरलं. मी पुन्हा फुंकलं. पुन्हा फिरलं. ओसरीवर शेंगा फोडत बसलेल्या सासूबाई म्हणाल्या, "एवढं चुलीत फुकलं असतं तर चहा झाला असता."

दुसरी वस्तू वेगळी होती. जड, लांबट पेटी, आणि आत दोन पिळदार रूळ एकमेकांत बसलेले. मी म्हणाले, "हा तर चरक."

भाऊजी खूश झाले. "चरकच म्हणा. उसाच्या जागी हवा घालायची. ह्याचं नाव सुपरचार्जर. ह्याला धूर लागत न्हाई. इंजनाच्या पट्ट्यावर चालतो. आपल्या चरकाला पट्टा हाय तसाच. इंजन फिरलं की ह्यो फिरला." त्यांनी तो हातानं हळूच फिरवला आणि माझ्या तोंडावर वारा आला. जोर न लावता, पहिल्याच फेऱ्याला. मी डोळे मिटून घेतले. इतक्या जड लोखंडातून इतका मऊ वारा येईल असं वाटलं नव्हतं.

"दादाच्या गाडीला मी ह्योच बसवावा म्हणतो. टर्बोला धूर जमायला येळ लागतो. घाटात वळणावर गाडी हळू झाली की त्यो झोपतो, अन् परत उठस्तोवर जीव वर-खाली होतो. ह्यो कवा झोपतच न्हाई."

"मग सगळेच ह्योच कावून बसवीत न्हाईत?"

हा प्रश्न भाऊजींना आवडला असावा. "कारण ह्यो इंजनाचंच खातो, वैनी. ताकद द्यायची म्हणून आधी ताकद मागतो. टर्बो उरल्यासुरल्यावर जगतो. ह्याला ताटातलं लागतं."

मालक दाराशी हात धूत होते. त्यांनी एवढंच ऐकलं. "घरात खाणारी तोंडं काय कमी हायती? टर्बोच बसव." मग हात पुसून झाल्यावर म्हणाले, "पर आयक सुदाम. मी तुझ्या भरवशावर गाडी दिली. हंगाम निघाला पायजे. ह्यो बी मधीच गेला, तर शेडाची चावी देऊन टाकायची अन् पुण्याची वाट धरायची. शिकाऊ माणसावर माझा गूळ न्हाई चढायचा घाट."

भाऊजींनी मान हलवली आणि दोन्ही वस्तू पोत्यात भरल्या.

त्या दिवसापासून मी त्या शिट्टीला कान देऊन राहू लागले. गाडी भरून निघाली की गुऱ्हाळापासून हमरस्त्यापर्यंत ती ऐकू यायची. ती नीट वाजली की मला बरं वाटायचं. ती गेली की भाऊजी जाणार होते, आणि मग माझं पुन्हा "टर्बो म्हणजे?" आणि "ताकद."

दोन्हींत चांगलं काय, हे मी गूळ ढवळताना, भांडी घासताना, गोठ्यात वाकलेली असताना मनात घोळवत असे. उत्तर एका जागी थांबायचं नाही. माझ्या माहेरी चरकाला बैल असायचे. दिवसभर गोल फिरायचे आणि दिवसभर उसाचं वाढं खायचे. घरचंच खाऊन घरचंच काम. बैल जुंपला की चरक फिरला, वाट बघायची गरज नाही, पण वैरण रोज हवी. तो सुपरचार्जर. आणि त्याच माहेरच्या गुऱ्हाळात खाली चुलवण चिपाडावर चालायचं, फुकटात, पण चिपाड वाळेपर्यंत दम धरावा लागायचा. तो टर्बो. एकाच गुऱ्हाळात दोन्ही नांदत होते आणि त्यांचं कधी भांडण झालं नाही. मग एका गाडीत का नाही? मी भाऊजींना विचारलंसुद्धा. ते म्हणाले, "असतात वैनी. दोन्ही बसवलेल्या गाड्या बी असतात. सुरवातीला ह्यो ओढतो, मग त्यो." मला फार आनंद झाला. आपल्याला सुचलेलं कुणालातरी आधीच सुचलेलं असतं, याचं काही लोकांना वाईट वाटतं म्हणे. मला सोबत मिळाल्यासारखं वाटलं.

माणसंही मी तशी लावून बघितली. सासूबाई सुपरचार्जर. कुणी बोलायला तोंड उघडलं की त्यांचं उत्तर हजर. मी टर्बो. मला लोक काही बोलून जातात, त्याचं उत्तर सुचतं ते पाहुणे फाट्यावर पोचल्यावर. तोवर माझ्यात नुसता धूर जमत असतो. मालक कशात बसतात ते मला कळलं नाही. त्यांना कदाचित काहीच बसवलेलं नाही. जुन्या गाडीसारखे, कण्हत का होईना, स्वतःच्या दमावर चढतात.

नवा टर्बो बसवला तेव्हा भाऊजींनी मालकांना एक गोष्ट बजावून सांगितली होती. गाडी दमून आली की लगेच बंद करायची नाही. जागेवर थोडा वेळ चालू ठेवायची. आतला दांडा लाल होईस्तोवर तापलेला असतो. इंजन चालू आहे तोवर त्याच्यातून तेल फिरतं आणि त्याला निववतं. इंजन बंद, की तेल बंद, आणि दांडा तसाच तापलेला. मालकांनी हे पथ्य मनापासून पाळलं. बाजारात पोचले की गाडी चालू ठेवून तंबाखू मळायचे. घरी आले की अंगणात गाडी घुरघुरत उभी आणि हे टायरला लाथ मारत फेऱ्या घालतायत. सासूबाई म्हणायच्या, "गाडीला बी आता बाळंतिणीवानी इसावा लागतोय व्हय?"

एका बाजारच्या दिवशी मीही गेले. मी मधे, सासूबाई खिडकीशी, मागं ढेपा भरलेल्या, वर ताडपत्री. घाट लागला. दोन्ही अंगाला सीताफळीची झाडं पानं गाळून उभी होती. हिवाळ्याचं ऊन दगडांवर पसरलं होतं. मी कान लावून बसले होते. वळण आलं, गाडी हळू झाली, शिट्टी विझली. झोपला, मी मनात म्हणाले. मालकांनी पाय दाबला. गाडी जड झाली, सासूबाईंनी खिडकीची कड घट्ट धरली. आणि मग तो उठला. बारीक, मग मोठा, मग पाठ सीटला. पुढच्या वळणाला पुन्हा झोपला, पुन्हा उठला. मला हसू आलं. सासूबाई म्हणाल्या, "हसती काय? इथं माझा जीव चाललाय."

चढ संपतो तिथंच, रस्त्याच्या कडेला लिंबाखाली, घाटातला म्हसोबा आहे. शेंदराचा दगड, वर पत्रा, एक घंटा. येणारी प्रत्येक गाडी तिथं थांबते. घाट चढवला म्हणून पाया पडायचं आणि पुढं जायचं. आणि थांबली की बंद करायची. चालू गाडीनं देवापुढं उभं राहणं म्हणजे पायात वहाणा घालून उभं राहण्यासारखं. हे कुणी कुणाला शिकवलेलं नाही, सगळे करतात. मालकांनीही चावी फिरवली. एकदम शांत झालं. इतक्या आवाजानंतरची ती शांतता मला फार आवडली. कानात वारा शिरल्यासारखं वाटलं. बॉनेटच्या आत टिक, टिक असं काही वाजत होतं आणि एक करपट वास आला. ओळखीचा वास. कशाचा ते मला तिथं आठवलं नाही. घंटा वाजली, सासूबाईंनी नारळ फोडला, खोबऱ्याचा तुकडा माझ्या हातावर ठेवला आणि मी तो वास विसरून गेले.

हंगाम अर्ध्यावर आला होता, चुलवण चांगलं हूं हूं करत होतं, आणि एका दुपारी मालक दुसऱ्याच्या ट्रॅक्टरवर बसून घरी आले. गाडी घाटात उभी होती. निळा धूर काढून.

ते अंगणातच उभे राहिले. आवाज चढवला नाही, त्याचीच मला भीती वाटली. "सुदाम, बोललो हुतो."

"दादा, पार्ट चांगला हुता. मी हातानं तपासून बसवलाय."

"मग काय गाडीला दिष्ट लागली बे?"

"मला उघडून तर बघू दे."

"बघ. अन् बघून झालं की चावी दे."

भाऊजींनी खोलीत जाऊन पिशवी भरली. ती पिशवी त्यांनी दाराशी आणून ठेवली तेव्हा मी पाण्याचा तांब्या घेऊन उभी होते. कुणाला द्यायला आणला होता ते मला आठवेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी गाडी ओढून आणवली, टर्बो काढला, अंगणात त्याच पोत्यावर उघडला. जायच्या आधी कळलं तरी पाहिजे, म्हणाले. मी चहा घेऊन गेले. त्यांनी दांडा माझ्या हातात दिला. बोटाएवढा दांडा, आणि त्यावर काळी, चकचकीत, कडक खपली धरलेली. मी नखानं खरवडली. निघेना. नाकाशी नेली.

अशी खपली मी शंभरदा खरवडली आहे. गूळ झाला की काईल, ती रस आटवायची मोठी कढई, उतरवतात, पाक निववायच्या वाफ्यात ओततात, आणि काईल लगेच चुलवणावर परत ठेवतात. खाली जाळ तसाच असतो. त्या घटकेला आमचे गुळवे हुसेनचाचा इतक्या जोरात ओरडतात की रस्त्यावरची माणसं वळून बघतात, "रस डालो रे, काईल जलती!" रस ओतायला जरा उशीर झाला की काईलीला चिकटून राहिलेला पाक जळून दगड होतो. मग आम्ही बाया बसतो खरवडत.

"भाऊजी, काईल रिकामी ऱ्हायली की अशीच खपली धरती."

"तेच की, वैनी. आतलं तेल जळालंय. तापलेल्या दांड्यावर तेल थांबलं अन् जळालं. पर थांबलं कुठं? दादा घरी लगेच बंद करीत न्हाई. बाजारात करीत न्हाई. सगळे हसतात त्याला, तरी करीत न्हाई."

मी रिकामा कप घेऊन आत गेले, चुलीपुढं बसले. चुलीतलं लाकूड ओढलं, पाणी मारलं. आणि मग, नेहमीसारखा उशिरा, तो वास माझ्याकडं आला. लिंबाखालचा. टिक, टिक वाजत असताना आलेला. तो करपट वास आणि आत्ता नाकाशी धरलेल्या दांड्याचा वास एकच होता.

मी बाहेर आले. मालक खाटेवर बसले होते, सासूबाई होत्या. एरवी मी परत फिरले असते.

"म्हसोबापुढं?" मी म्हणाले.

"म्हसोबापुढं काय?" भाऊजींनी विचारलं.

"तिथं गाडी बंद असती. चढून आल्या आल्या."

भाऊजींनी दांडा पोत्यावर ठेवला. मालकांकडं बघितलं. मालक म्हणाले, "ते थांबणं हाय का? ते पाया पडणं हाय."

"दादा, मी बी तिथं बंद करतो," भाऊजी हळूच म्हणाले. "टर्बो बसवून तपासायला घाट चढून गेलतो, तवा मी सवता बंद केली. माझ्या डोक्यात बी न्हाई आलं."

खरंच कुणाच्याच डोक्यात नव्हतं. गाडी कुठं कुठं थांबते म्हणून कुणी विचारलं असतं, तर घर, बाजार, पंप, सगळं सांगितलं असतं. देवापुढचं थांबणं आम्ही कुणी थांबण्यात धरलंच नव्हतं. आणि तिथंच, गाडी सगळ्यात जास्त तापलेली असताना, तिचा श्वास आम्ही भक्तीनं बंद करत होतो.

आता पंचाईत अशी की पथ्य पाळायचं तर देवापुढं गाडी घुरघुरत ठेवावी लागणार. दोघा भावांनी आईकडं बघितलं. सासूबाई शेंगा फोडत होत्या. त्यांना उत्तराला वेळ कुठं लागतो. "त्यो म्हसोबा काय देवघरात बसलाय का? घाटात बसलाय. जल्मभर गाड्यांचाच आवाज आयकतोय. येक गाडी जास्त घुरघुरली तर उठून जाणार हाय का त्यो? ठिवा चालू."

मालक उठले. दाराशी ठेवलेली पिशवी उचलली आणि आत नेऊन खुंटीला अडकवली. येताना भाऊजींच्या अंगावर गाडीची चावी टाकली. "ह्या खेपंला तू बी घाटात चल. आवाज आयकून सांग." माफी, शाबासकी, जे काही होतं ते एवढंच होतं. भाऊजींनी चावी झेलली आणि पहिल्यांदा माझ्याकडं बघून हसले.

त्यानंतरचा टर्बो तो हंगाम चालला, पुढचेही चालला. भाऊजींच्या शेडाला आता पक्क्या भिंती आहेत. तो सुपरचार्जर मात्र कुठल्याच गाडीला बसला नाही. एकदा पावसाळ्यात लाकडं ओली होती, चूल पेटेना, तेव्हा भाऊजींनी त्याला एक हँडल लावलं, तोंडाला पाईप जोडला आणि माझ्या चुलीशी आणून ठेवला. हँडल फिरवलं की पहिल्या फेऱ्याला जाळ उठतो, वाट बघावी लागत नाही. दंड मात्र भरून येतात. घरचंच खातो म्हणाले होते ते खरं आहे, मी रोज माझ्या हातानं अनुभवते. कोणता चांगला, हे मला अजूनही ठरवता आलेलं नाही. ओल्या लाकडाला हा बरा. चार कोस चढ असेल तर तो बरा. हल्ली लेक सांगते की नव्या गाड्यांना इंजनच नसतं, विजेवर चालतात, धूर नाही की हवा नाही. मग त्यांना दम कुठून येतो, ते मी भाऊजींना विचारणार आहे. त्यांनी वाचून सांगतो म्हटलंय.

काल यंदाचा पहिला गूळ घाट चढला. गाडी तीच. आता नेम असा आहे की म्हसोबापुढं गाडी चालू ठेवायची, आणि तिथल्या कलत्या जागेवर चालू गाडी एकटी सोडता येत नाही, म्हणून कुणीतरी आत बसायचं. ते काम माझ्याकडं कधी आलं ते कुणी ठरवलं नाही. मला माणसांत उतरायला नको असतं, तेच कारण असेल. मी बसते. शिट्टी तर चढ संपताच विझते, मग नुसती घुरघुर ऐकत बसते. बाहेर घंटा वाजते, नारळ फुटतो. आत तेल फिरत असतं, दांडा निवत असतो. आपल्याला दिसत नाही, पण चाललंय हे माहीत असतं.

काल तिथं बऱ्याच गाड्या होत्या. हंगामाची सुरुवात म्हणून कुणीतरी आरती लावली होती. एक ट्रकवाला आमच्या खिडकीशी येऊन म्हणाला, "ओ बाई, आरती चालू हाय, जरा बंद करा की गाडी! देवाधर्माचं काय हाय का न्हाई?"

सगळ्यांनी वळून बघितलं. मालकांनीही. नेहमीप्रमाणे धूर जमायला वेळ लागला. मग मी डोकं खिडकीबाहेर काढलं.

"थांबा," मी म्हणाले. "आत अजून तापलंय. निवू द्या."

माझा आवाज मला वाटला त्यापेक्षा मोठा आला. ट्रकवाल्यानं बॉनेटकडं बघितलं, मग माझ्याकडं. तो आरतीत जाऊन उभा राहिला. त्याच्या ट्रकच्या बॉनेटच्या आत टिक, टिक वाजत होतं.

आरती संपली, माणसं पांगली, तेव्हा मी चावी फिरवली. करपट वास आला नाही. मग खाली उतरले आणि सगळ्यांच्या शेवटी लिंबाखाली गेले. तिथं मी एकटीच असते. हात जोडते, पण मागत काही नाही. एक गोष्ट विचारते, दर हंगामाला तीच. आवाजाचा तुला त्रास होतो का रे?